बारदानासकट तोललेली बॅटरी

संक्रांतीच्या दोन महिने आधी आमच्या शाळेच्या विज्ञान मंडळातील नववीच्या मुलांनी ठरवले की, यंदा पतंग नुसता उडवायचा नाही, तर तापमान आणि हवेचा दाब मोजणारे एक छोटे यंत्र त्याच्या दोरीला बांधून वर पाठवायचे आणि त्याच्या नोंदी खाली माळावर बसून वाचायच्या. मायक्रोकंट्रोलर (यंत्र चालवणारी छोटी संगणक-चिप), दाबमापक आणि रेडिओ मुलांनी स्वतः निवडले; बॅटरीचे काम मात्र त्यांनी माझ्याकडे सोपवले. दीड मीटर पंखांच्या आमच्या कापडी पतंगाने पंचवीस ग्रॅमचे ओझे सहज उचलले होते, पण चाळीस ग्रॅमची पुडी बांधताच तो मान टाकू लागला होता, आणि त्यामुळे सगळा प्रश्न बॅटरीच्या वजनावर येऊन थांबला होता. त्या दोन महिन्यांत आम्ही ज्या बॅटऱ्या विकत घेतल्या, तोलल्या आणि रिकाम्या करून पाहिल्या, त्यांचे हे परीक्षण आहे.

परीक्षणाची कसोटी आधीच सांगतो. किराणा दुकानात पोते तोलताना बारदानाचे वजन वजा करतात. बॅटरीच्या बाबतीत नेमके उलटे करावे लागते. तिचे बारदान म्हणजे तिला धरणारा होल्डर, वायर, कनेक्टर, व्होल्टेज बेताचे ठेवणारा रेग्युलेटर आणि गरज पडल्यास आधाराला लावलेला, थोडी वीज साठवून झटक्याच्या वेळी देणारा कपॅसिटर. हे सगळे तिच्या वजनात मिळवल्याशिवाय कोणती बॅटरी हलकी हे ठरत नाही. बॅटरीच्या वेष्टनावर छापलेले वजन आणि क्षमता एवढ्याच दोन आकड्यांवर निवड केली तर ती फसते, आणि आमची पहिली निवड तशीच फसली.

यंत्र साधे होते. ३.३ व्होल्ट आणि ८ मेगाहर्ट्झवर चालणारा प्रो मिनी बोर्ड, म्हणजे एटीमेगा३२८पी हा मायक्रोकंट्रोलर; त्याला बीएमपी२८० हा दाब आणि तापमानाचा सेन्सर; आणि आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येणाऱ्या ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालणारे लोराचे, म्हणजे कमी विजेत लांबवर छोटे संदेश पाठवणारे रेडिओ मॉड्यूल. अँटेना म्हणून साडेआठ सेंटिमीटरची साधी वायर लावली होती. पातळ प्लास्टिकच्या डबीसह हे सगळे तेरा ग्रॅम भरले, म्हणजे बॅटरीला बारदानासकट बारा ग्रॅम उरले. यंत्र दर दहा सेकंदांनी जागे होई, दाब मोजी, सुमारे ६० मिलिसेकंदांचा एक संदेश पाठवी आणि पुन्हा झोपी जाई.

दुकानात जाण्यापूर्वी आम्ही मल्टिमीटर लावून बोर्डाची भूक मोजली, आणि या एका कामाने पुढचा बराच खर्च वाचला. जसा पुडीतून आला तसा प्रो मिनी झोपेतही जवळजवळ दीड मिलिअँपिअर खात होता. त्यातला बहुतेक भाग वीज चालू असल्याचे दाखवणारा, तांदळाच्या कणीएवढा लाल एलईडी घेत होता. एका विद्यार्थिनीने सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने तो अलगद उचलला, तेव्हा आकडा ६० मायक्रोअँपिअरच्या खाली आला; बोर्डावरचा रेग्युलेटरही काढल्यावर पाच मायक्रोअँपिअरच्या आसपास स्थिरावला. संदेश पाठवताना मात्र रेडिओचे २९ आणि मायक्रोकंट्रोलरचे पाच-सहा मिळून ३५ मिलिअँपिअर लागत. दहा सेकंदांच्या फेऱ्याची सरासरी काढली तर ती पाव मिलिअँपिअरच्या आसपास येते, म्हणजे दोन तासांच्या उड्डाणाला एक मिलिअँपिअर-तासही (एक मिलिअँपिअर प्रवाह तासभर देण्याइतकी क्षमता) लागत नाही. एवढ्याशा गरजेला कोणतीही बॅटरी पुरेल असे वाटणे साहजिक होते, म्हणून सर्वांत हलकी म्हणून प्रसिद्ध असलेली बॅटरी आधी घेतली.

ती म्हणजे सीआर२०३२, संगणकाच्या मदरबोर्डवर आणि गाडीच्या रिमोट किल्लीत असते ती नाण्यासारखी लिथियमची बटण बॅटरी. तिच्या नावातच तिचे माप आहे: २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. व्होल्टेज ३, क्षमता २२० ते २४० मिलिअँपिअर-तास आणि वजन आमच्या काट्यावर २.९ ग्रॅम. ग्रॅममागे साठवलेली ऊर्जा पाहिली तर ही चिमुकली बॅटरी चार्ज होणाऱ्या लहान लिथियम-पॉलिमर सेललाही मागे टाकते. एका किलोला सव्वादोनशे वॅट-तासांच्या आसपास तिचा हिशेब बसतो. ती पुन्हा चार्ज करता येत नाही, पण पडून राहिली तरी वर्षानुवर्षे टिकते. व्होल्टेजही असे सोयीचे की आमच्या मायक्रोकंट्रोलरला, सेन्सरला आणि रेडिओला ते थेट चालते, रेग्युलेटर लागतच नाही.

तरीही पहिल्या दिवशी यंत्र संदेश पाठवण्याच्या क्षणी दर वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होते. मुलांना प्रोग्राममध्ये चूक असल्याची शंका आली आणि ती शोधण्यात एक संध्याकाळ गेली. व्होल्टेजचा क्षणाक्षणाचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप लावल्यावर खरे कारण डोळ्यांसमोर आले. हिरवी रेघ तीन व्होल्टच्या जरा वर शांतपणे चालत येई आणि संदेशाच्या वेळी एकदम २.६ पर्यंत खाली खचून पुन्हा वर येई. बटण बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला तिच्या आतच होणारा अडथळा, ती नवी असतानाही पंधरा ओहमच्या आसपास असतो. ३५ मिलिअँपिअर खेचले की त्या रोधातच अर्धा व्होल्ट खर्ची पडतो. प्रो मिनीचा ब्राऊनआऊट रक्षक, म्हणजे व्होल्टेज फार घसरल्यास मायक्रोकंट्रोलरला थांबवणारी सोय, २.७ व्होल्टवर लावलेला असतो. त्यामुळे प्रत्येक संदेश हा त्याच्या दृष्टीने वीज गेल्यासारखाच होता. या बॅटरीची टाकी मोठी आहे, पण तोटी बारीक आहे.

फ्यूज, म्हणजे चिपच्या आतल्या कायम राहणाऱ्या सेटिंग, बदलून रक्षकाची मर्यादा १.८ व्होल्टवर आणली आणि मायक्रोकंट्रोलरचा वेग ८ वरून ४ मेगाहर्ट्झवर उतरवला, कारण या चिपची इतक्या कमी व्होल्टेजवर ८ मेगाहर्ट्झने धावण्याची हमी नाही. त्यानंतर यंत्र नव्या सेलवर नीट चालू लागले. पण सेल वापरात येत जातो तसा हा रोध वाढत जातो. जमिनीवरच्या सततच्या चाचण्यांत अर्धा वापरून झालेल्या एका सेलवर तोच खड्डा २.१ व्होल्टपर्यंत खोल गेला होता. वर हवेत, थंड वाऱ्यात, जिथे हात पोहोचत नाही तिथे एवढ्या थोड्या फरकावर विसंबणे मला पटले नाही.

यावर नेहमी सुचवला जाणारा उपाय म्हणजे सेलला समांतर कपॅसिटर लावणे. हा उपाय खरा आहे, पण त्याला मर्यादा आहेत. एक-दोन मिलिसेकंदांच्या झटक्याला, उदाहरणार्थ ब्लूटूथच्या कमी ऊर्जेच्या संदेशाला, १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही चांगला आधार देतो. आमचा संदेश ६० मिलिसेकंदांचा होता. ३५ मिलिअँपिअर गुणिले ६० मिलिसेकंद म्हणजे २.१ मिलिकुलंब, हा सगळा भार १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरने एकट्याने उचलायचा म्हटले तर त्याचे स्वतःचे व्होल्टेज दोन व्होल्टने खाली येईल. सेल आणि कपॅसिटर दोघे मिळून भार वाटून घेतात, त्यामुळे प्रत्यक्षातला खड्डा एवढा खोल नव्हता, तरी फरक मनासारखा पडला नाही. मग आम्ही बेरीज केली: सेल २.९ ग्रॅम, होल्डर १.९ ग्रॅम आणि कपॅसिटर १.१ ग्रॅम, मिळून ५.९ ग्रॅम. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याच्याशी तुलना करायची आहे.

बटण बॅटरीविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. लहान मुलाने ती गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली, तर ओल्या ऊतींमधून वीज वाहू लागते, तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांच्या आत गंभीर जखम होऊ शकते. अशा वेळी वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचे असते. घरात किंवा वर्गात लहान भावंडांचा वावर असेल, तर उघडा, बोटाने सरकवता येणारा होल्डर वापरू नये; स्क्रूने बंद होणाऱ्या डबीतच ही बॅटरी ठेवावी आणि वापरलेले सेलही चिकटपट्टीत गुंडाळून वेगळे ठेवावेत, कारण संपलेल्या सेलमध्येही इजा करण्याइतके व्होल्टेज शिल्लक असते.

हिचेच चार्ज होणारे भावंड म्हणजे एलआयआर२०३२. क्षमता फक्त ४० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास, पण तोटी बरीच रुंद; ३५ मिलिअँपिअर ती आरामात देते आणि आमच्या उड्डाणाला तिची क्षमताही पुरून उरली असती. ती न निवडण्याचे कारण वेगळे आहे. दिसायला ती सीआर२०३२ सारखीच असते, त्याच होल्डरमध्ये बसते, आणि चार्ज न होणारी सीआर२०३२ चुकून चार्जरला लागली तर ती फुगू किंवा फुटू शकते. पंधरा मुलांच्या हातांतून फिरणाऱ्या यंत्रात ही गफलत कधी ना कधी झाली असती. एकट्याने, नीट खुणा करून काम करणाऱ्याने मात्र हिचा जरूर विचार करावा.

चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीवर फार शब्द खर्चण्याची गरज नाही. ती गल्लीतल्या प्रत्येक दुकानात मिळते, तिची टोपी सहज लागते, आणि म्हणून शाळेच्या प्रकल्पांत ती सर्रास दिसते. पण अल्कलाइन असेल तर तिचे वजन ४५ ग्रॅमच्या आसपास असते, क्षमता पाचशे मिलिअँपिअर-तासांच्या घरात, आणि साध्या रेग्युलेटरने ९ व्होल्टचे ५ करताना दर नऊ भागांतले चार भाग नुसती उष्णता होऊन जातात. ३.३ व्होल्टच्या बोर्डाला तर तिची निम्म्याहून अधिक ऊर्जा रेग्युलेटर तापवण्यातच जाते.

पेन्सिल सेलपेक्षा लहान असणारे ट्रिपल-ए सेल ही दुसरी सरधोपट निवड. साधा अल्कलाइन सेल साडेअकरा ग्रॅमचा. दोन सेल आणि होल्डर मिळून अठ्ठावीस ग्रॅम झाले, म्हणजे पतंगाच्या दृष्टीने तो मार्ग बंद. निकेल-मेटल हायड्राइडचे चार्ज होणारे सेल त्याहून किंचित जड आणि १.२ व्होल्टचे; पडून राहिल्यावर फारसे न उतरणारे नवे प्रकार घरातल्या उपकरणांना उत्तम आहेत, पण हलकेपणा हा त्यांचा गुण नाही. या घरातला खरा गुणी सेल वेगळाच आहे: लिथियम-आयर्न डायसल्फाइडचा ट्रिपल-ए. एनर्जायझरचा असा सेल ७.६ ग्रॅमचा असतो, क्षमता १२०० मिलिअँपिअर-तास, थंडीत न कुचमणारा, आणि शेवटपर्यंत व्होल्टेज जवळजवळ सपाट ठेवणारा. दोन सेल मिळून पंधरा ग्रॅममध्ये साडेतीन वॅट-तास! या परीक्षणातल्या सगळ्या बॅटऱ्यांत ग्रॅममागे सर्वांत जास्त ऊर्जा यांनी दिली, आणि अंतर्गत रोध इतका कमी की ३५ मिलिअँपिअरचा झटका ऑसिलोस्कोपवर शोधावा लागला. नव्या जोडीचे भार नसतानाचे व्होल्टेज ३.६ पर्यंत जाते, एवढे मात्र सेन्सरच्या कमाल मर्यादेशी ताडून पाहावे. होल्डर धरून वीस ग्रॅम झाल्यामुळे पतंगासाठी ते बाद झाले, शिवाय ते महागही आहेत आणि एकदाच वापरायचे आहेत. पण द्राक्षबागेत तारेवर टांगून वर्ष-दोन वर्षे विसरून जायचे असे यंत्र कोणी करत असेल, तर त्याने डोळे मिटून हे घ्यावेत.

आता ज्या बॅटरीने शेवटी पतंग गाठला तिच्याकडे येतो. लिथियम-पॉलिमरच्या चपट्या सेलवर सहा आकडे छापलेले असतात आणि ते तिचे माप सांगतात: ४०२०३० म्हणजे ४.० मिलिमीटर जाड, २० रुंद आणि ३० लांब. या मापाच्या सेलवर साधारण २०० मिलिअँपिअर-तास लिहिलेले असते. नाममात्र व्होल्टेज ३.७, पूर्ण चार्ज असताना ४.२, आणि ३.० च्या खाली तो नेऊ नये. अंतर्गत रोध ओहमच्या काही दशांशांपेक्षा जास्त नसतो, म्हणून आमचा ३५ मिलिअँपिअरचा संदेश त्याच्या खिजगणतीतही नव्हता. वायरसकट वजन भरले ४.६ ग्रॅम. कनेक्टर अर्धा ग्रॅम आणि रेग्युलेटर ०.२ ग्रॅम मिळवून एकूण ५.३ ग्रॅम. बटण बॅटरीची बेरीज ५.९ होती. जी बॅटरी सेलला सेल तोलताना दीडपट जड होती, ती बारदानासकट अर्ध्या ग्रॅमहून अधिक हलकी निघाली, आणि वर ती पुन्हा चार्ज होते.

पण सांभाळण्याच्या दृष्टीने ही बॅटरी नाजूक आहे आणि तिच्या खरेदीत अडचणी आहेत. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ती समोर बघून, हातात घेऊन घेता येते. ऑनलाइन मागवली तर घरी आल्यावर तपासणी अनिवार्य आहे. आम्ही एका ऑनलाइन विक्रेत्याकडून पाच सेल मागवले होते. प्रत्येक सेल पूर्ण चार्ज करून ४७ ओहमच्या अर्ध्या वॅटच्या रोधावर रिकामा होऊ दिला आणि दर मिनिटाचे व्होल्टेज एका दुसऱ्या बोर्डावर नोंदवत गेलो. ३ व्होल्टपर्यंत उतरायला तीन सेलना दोन तास वीस मिनिटांच्या आसपास लागली, म्हणजे १८५ ते १९० मिलिअँपिअर-तास. हा आकडा मला प्रामाणिक वाटतो. उरलेले दोन मात्र दीड तासाच्या आतच तळाला गेले. हे दोन्ही सेल इतर तिघांपेक्षा जवळजवळ एक ग्रॅमने हलके होते, हे आम्हाला नंतर काट्यावर कळले. तेव्हापासून सेल आला की आधी तोलायचा आणि मगच चार्ज करायचा, अशी आमची पद्धत आहे. वर्गातल्या एका पालकांनी आणलेल्या १८६५० मापाच्या दंडगोल सेललाही हीच कसोटी लागू पडली: वेष्टनावर ९९०० मिलिअँपिअर-तास छापलेले आणि वजन ३१ ग्रॅम. नामांकित कंपन्यांचे या मापाचे चांगले सेल ३५०० च्या आसपास क्षमतेचे आणि ४५ ग्रॅमहून जड असतात, त्यामुळे त्या सेलच्या आत काय असेल याचा अंदाज न उघडताच आला.

दुसरी अडचण कनेक्टरची. दोन मिलिमीटर अंतराचा जेएसटी कनेक्टर बहुतेक सेलना असतो, पण लाल वायर कोणत्या बाजूला हे सगळ्या विक्रेत्यांचे सारखे नसते. कनेक्टर बोर्डात अगदी चपखल बसतो आणि ध्रुव उलटे असतात. मल्टिमीटर लावून धन-ऋण पाहिल्याशिवाय एकही नवा सेल बोर्डाला लावू नये. वायर उलट्या असतील तर सुईने कनेक्टरची जीभ उचलून त्या अदलाबदल करता येतात, मात्र हे करताना दोन्ही उघडी टोके एकाच वेळी बाहेर काढू नयेत.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट चार्जिंगची. टीपी४०५६ चिपचा निळा, अंगठ्याएवढा चार्जिंग बोर्ड सगळीकडे मिळतो, स्वस्त आहे आणि चांगलाही आहे. पण तो जसा मिळतो तसा १ अँपिअरने चार्ज करतो. २०० मिलिअँपिअर-तासांच्या सेलला १ अँपिअर म्हणजे त्याच्या क्षमतेच्या पाचपट वेगाने केलेली जबरदस्ती. अशा सेलला क्षमतेइतका किंवा त्याहून कमी प्रवाह द्यायचा असतो. प्रवाह ठरवणारा रोध बोर्डावर स्पष्ट दिसतो: भिंगातून पाहिले तर त्यावर १२२ असे छापलेले असते, म्हणजे १.२ किलोओहम. तो काढून त्या जागी १०३ छापलेला, म्हणजे १० किलोओहमचा रोध लावला की प्रवाह १३० मिलिअँपिअरवर येतो. हे काम दहा मिनिटांचे आहे. रोध मोहरीच्या दाण्याएवढा असल्याने मुलांचे हात आधी थरथरतात, पण दुसऱ्या बोर्डापर्यंत ते सरावतात. ही दुरुस्ती न करता लहान सेल चार्ज करणारे कितीतरी लोक मी पाहिले आहेत, आणि सेल लवकर फुगतात ही त्यांची तक्रारही ऐकली आहे. चार्जिंग बोर्ड अर्थातच जमिनीवर राहतो, त्याचे वजन पतंगाच्या हिशेबात धरायचे नाही.

रेग्युलेटरची निवडही वजनाएवढीच महत्त्वाची आहे. स्वस्त बोर्डांवर सर्रास दिसणारा एएमएस१११७ हा रेग्युलेटर स्वतःच पाच मिलिअँपिअरच्या आसपास खातो आणि आत येणारे व्होल्टेज बाहेरच्यापेक्षा व्होल्ट-सव्वा व्होल्टने जास्त असावे अशी त्याची अपेक्षा असते. लिथियम-पॉलिमर सेल पूर्ण भरलेला असतानाही ४.२ व्होल्टचाच असतो, त्यामुळे ३.३ व्होल्ट त्यातून नीट कधीच मिळत नाहीत. आम्ही एमसीपी१७०० वापरला. तो स्वतःसाठी दीड-दोन मायक्रोअँपिअर घेतो आणि आमच्या भाराला आत-बाहेरचा फरक शतांश व्होल्टांत मोजण्याइतकाच लागतो. सेलवर सुरक्षा सर्किट असले तरी ते बहुधा अडीच व्होल्टच्या आसपास तोडते, तेव्हा सेलचे नुकसान व्हायला सुरुवात झालेली असते. म्हणून प्रोग्राममध्येच ३.४ व्होल्टला संदेश थांबवण्याची सोय ठेवावी. खेळण्यातल्या ड्रोनच्या सेलना तर हे सर्किट बऱ्याचदा नसतेच, हे घेतानाच पाहून घ्यावे.

सुरक्षितता हाच पहिला निकष असेल, तर लिथियम-आयर्न-फॉस्फेटचा सेल माझ्या मते शाळेसाठी अधिक योग्य आहे. त्याचे व्होल्टेज ३.२ आणि जवळजवळ सपाट असल्याने आमच्यासारख्या यंत्राला रेग्युलेटरशिवाय थेट जोडता येते, आणि गैरवापर झाला तरी तो लिथियम-पॉलिमरइतका पेटण्याच्या मार्गाला लागत नाही. वजन मात्र जास्त; ट्रिपल-एच्या मापाचा सेल आठ-नऊ ग्रॅमचा आणि दोनशेच्या आसपास क्षमतेचा मिळतो. त्याला टीपी४०५६ कधीही लावू नये, कारण तो ४.२ व्होल्टपर्यंत रेटत नेईल आणि या सेलची मर्यादा ३.६५ आहे. होल्डरसकट तो आमच्या बारा ग्रॅमच्या मर्यादेत कसाबसा बसत होता. तेव्हा चार्जर हाताशी असता, तर मी बहुधा हाच निवडला असता.

शाळेच्या बागेत मातीचा ओलावा मोजणारे दुसरे एक यंत्र मुलांनी ईएसपी३२ वर केले आहे, त्याचा अनुभव इथे उपयोगी पडेल. वायफायवर संदेश पाठवताना ही चिप अडीचशे मिलिअँपिअरच्या आसपास खेचते, तेही काही दशांश सेकंद; म्हणजे बटण बॅटरीचा प्रश्नच मिटला. पण खरा धडा झोपेचा होता. चिप स्वतः गाढ झोपेत दहा मायक्रोअँपिअर घेते, आणि तिच्या सर्वसाधारण विकास-बोर्डावर एलईडी, यूएसबीची चिप आणि तो एएमएस१११७ मिळून दहा मिलिअँपिअर घेतात, म्हणजे हजारपट. दिवसाला २४० मिलिअँपिअर-तास, काहीही काम न करता! मुलांनी आधी मोठी, मग त्याहून मोठी बॅटरी मागितली होती. नुसते मॉड्यूल आणि चांगला रेग्युलेटर वापरल्यावर ५०० मिलिअँपिअर-तासांच्या दहा ग्रॅमच्या सेलवर तेच यंत्र अजून चालू आहे. जड बॅटरी घ्यावी लागते ती पुष्कळदा बोर्डावरच्या निरुपयोगी भागांना पोसण्यासाठी.

पतंगावरच्या ४०२०३० सेलने संक्रांतीच्या आठवड्यात नऊ उड्डाणे केली, सगळ्यांत लांब उड्डाण पावणेदोन तासांचे. पहिल्या चार्जवरच सगळी झाली. शेवटच्या दिवशी मल्टिमीटरवर ४.०५ व्होल्ट होते. दाब वर जाताना आठ-नऊ मीटरमागे एक हेक्टोपास्कलने उतरताना मुलांनी खाली बसून पाहिला, आणि एकदाही नोंद तुटली नाही. सेल खरे तर आमच्या गरजेच्या मानाने फार मोठा होता. पुढच्या वर्षी याहून निम्म्या क्षमतेचा, अडीच-तीन ग्रॅमचा सेल घ्यायचा आणि वाचलेल्या वजनात आर्द्रतेचा सेन्सर बसवायचा, असे मुलांनी ठरवले आहे.

सध्या तिन्ही चांगले सेल ३.८ व्होल्टपर्यंत उतरवून, कनेक्टरवर चिकटपट्टी लावून, प्रयोगशाळेतल्या खिडकीपासून दूर असलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवले आहेत. पूर्ण भरलेला सेल उन्हाळ्याच्या उकाड्यात ठेवला तर त्याचे आयुष्य झपाट्याने घटते. कमी क्षमतेच्या त्या दोन सेलपैकी एक होळीच्या सुमारास उशीसारखा फुगला. तो टोचून किंवा दाबून पाहण्याचा मोह एकालाही होऊ नये म्हणून मी तो त्याच दिवशी वाळूच्या डबीत घालून इ-कचरा गोळा करणाऱ्यांकडे दिला. बॅटऱ्यांच्या कचऱ्याबाबतच्या २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि त्या घरच्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत हे मुलांनी डब्याच्या झाकणावर ठळक अक्षरांत लिहून ठेवले आहे. त्याखाली प्रत्येक सेलचे वजन आणि खरेदीची तारीख आहे.